पूर्वप्राथमिक मुलांसाठीची चाळणी चाचणी : विश्वसनीयता आणि सप्रमाणता आपल्या बीटमध्ये कशी तपासावी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या विकासातील विलंब वेळेत लक्षात यावा यासाठीच्या चाळणी चाचण्या आता तक्ता, प्रश्नावली किंवा मोबाईलवरील ॲप अशा कोणत्या ना कोणत्या रूपात अंगणवाडीपर्यंत पोहोचल्या आहेत. पुष्कळदा चाचणीच्या प्रास्ताविकात ‘प्रमाणित’ हा शब्द छापलेला असतो आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान होते. चाचणीत खरे तर दोन गुण हवेत : विश्वसनीयता, म्हणजे चाचणी पुन्हा किंवा दुसऱ्या परीक्षकाने घेतली तरी निकाल तोच येणे; आणि सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे. परंतु पुण्यातील बालवाड्यांत किंवा बडोद्याच्या रुग्णालयात सिद्ध झालेली विश्वसनीयता धारणी, कोरची किंवा झरी जामणी तालुक्यात आपोआप लागू होत नाही. कोणती मुले, कोणते परीक्षक आणि निकालाचा कोणता उपयोग, हे ठरल्यावरच या गुणांना अर्थ येतो. हा लेख बीट (अंगणवाड्यांचा गट) सांभाळणाऱ्या पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि अध्यापक विद्यालयांतील शिक्षक यांच्यासाठी आहे. यातील सर्व आकडेमोड साध्या कॅल्क्युलेटरवर होते.

चाचणी कशासाठी हवी, हे आधी लिहून काढा

चाळणी, निदान आणि शालेय सज्जतेची तपासणी ही तीन वेगळी कामे आहेत. चाळणी चाचणी थोड्या वेळात अनेक मुलांमधून ‘याची सविस्तर तपासणी व्हावी’ अशी मुले बाजूला काढते. त्या मुलांना काय झाले आहे, हे ती सांगत नाही. निदान तज्ज्ञ करतात. शालेय सज्जतेच्या चाचणीत रंग, अंक, अक्षरे यांची ओळख पाहिली जाते, आणि ती बहुतांशी मुलाला काय शिकवले गेले यावर अवलंबून असते. घरात रंगांची नावे कधी घेतलीच जात नसतील, तर ‘लाल कोणता, पिवळा कोणता’ या प्रश्नावर गप्प राहणारे मूल विकासात मागे आहे असे म्हणता येत नाही. पुष्कळ स्थानिक चाचण्यांत विकासाची आणि शालेय सज्जतेची पदे (चाचणीतील एकेक प्रश्न किंवा कृती) एकत्र कालवलेली आढळतात आणि तिथेच सप्रमाणतेचा पाया खचतो.

म्हणून कामाची सुरुवात एका वाक्याने करावी : ‘ही चाचणी अमुक वयाच्या, अमुक भाषा बोलणाऱ्या मुलांवर, अमुक व्यक्ती घेणार असून तिच्या निकालावरून अमुक निर्णय होणार आहे.’ या वाक्यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादींची कमतरता व बालपणीचे आजार यांच्या जोडीला विकासातील विलंबही आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. चाळणीत निघालेल्या मुलाला तिथपर्यंत कोण नेणार, त्या दिवसाची मजुरी बुडणाऱ्या आईबापांची सोय काय, हे ठरले नसेल तर उत्तम चाचणीसुद्धा केवळ यादी वाढवण्याच्या कामाची.

हस्तपुस्तिका वाचताना काय शोधावे

चाचणीसोबत हस्तपुस्तिका नसेल, तर ती चाचणी बाजूला ठेवावी. यात तडजोड करू नये. हस्तपुस्तिका असल्यास मानके (कोणत्या वयात मुलाकडून काय अपेक्षित, याची मापे) कोणत्या साली, कोणत्या भागातील, किती आणि कोणत्या वयाच्या मुलांवर तयार झाली, हे प्रथम पाहावे. मुलांची एकूण संख्या मोठी दिसली तरी प्रत्येक वयोगटाच्या वाट्याला किती मुले आली, हे वेगळे मोजावे. एकूण ६०० मुले असली आणि वयोगट बारा असले, तर सरासरीने एका गटात ५०च मुले येतात.

नामांकित चाचण्यांनाही ही चिकित्सा चुकलेली नाही. अमेरिकेत १९६७ साली प्रसिद्ध झालेली डेन्व्हर चाचणी जगभर वापरली गेली, मात्र विलंब असलेली बरीच मुले तिच्यातून निसटतात अशी टीका झाली. १९९२ च्या सुधारित आवृत्तीच्या स्वतंत्र अभ्यासात विलंब असलेल्या मुलांपैकी ८३ टक्के सापडली, पण विलंब नसलेल्यांपैकी केवळ ४३ टक्के मुलेच योग्य रीतीने ‘ठीक’ ठरली. आपल्याकडील त्रिवेंद्रम विकास चाळणी तक्ता मुळात दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ पदांचा होता. सहा वर्षांपर्यंतचा विस्तारित तक्ता नंतर आला. त्यामुळे जुन्या तक्त्याचे आकडे सांगून कोणी चार वर्षांच्या मुलांवर नवा तक्ता वापरत असेल, तर तो पुरावा गैरलागू ठरतो. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपांतर तर नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. ए. जे. मालिन यांनी केले आणि आजही ते ‘नागपूर रूपांतर’ म्हणून ओळखले जाते. नागपूरचे नाव असल्यामुळे ते विदर्भातल्या आजच्या खेड्याला चपखल बसेल, असे समजण्याचे मात्र कारण नाही. मुलांचे दैनंदिन जीवन त्या काळापासून पार बदलले आहे.

एकेक पद गावात नेऊन पाहा

आशयाची सप्रमाणता आकड्यांनी सिद्ध होत नाही. त्यासाठी जाणत्या माणसांना एकत्र बसवून प्रत्येक पदावर चर्चा करावी लागते. या बैठकीत एक बालरोगतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, दोन अनुभवी सेविका, एक पर्यवेक्षिका आणि स्थानिक भाषा बोलणारी किमान एक आई असावी. आईला या बैठकीत बोलावण्याची पद्धत नाही, पण सर्वांत उपयुक्त हरकती तिच्याकडूनच येतात.

प्रत्येक पदाबाबत हे कौशल्य विकासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे का, आणि ते दाखवण्याची संधी इथल्या मुलाला रोजच्या जगण्यात मिळते का, अशी विचारणा व्हावी. ‘एकेक पाय टाकत जिना चढतो’ हे पद कवेलूच्या बैठ्या घरात वाढणाऱ्या मुलाला अन्यायकारक आहे. त्याऐवजी तोल आणि पायांचा समन्वय दाखवणारी दुसरी कृती हवी. कात्रीने कागद कापणे याचीही तीच गत. उलट ढिगातून शेंगा निवडणे, गाठ सोडणे, डबीचे झाकण फिरवून उघडणे यांतून बोटांचे कौशल्य उत्तम दिसते. फक्त पद बदलले की त्याचे जुने मानक रद्द होते, हे विसरू नये. कोणत्या वयाची किती मुले ते नवे पद करतात, हे पुन्हा मोजावे लागते.

भाषेच्या पदांवर अधिक वेळ द्यावा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या काही भागांत कोलामी, तांड्यांवर गोरमाटी आणि इतरत्र वऱ्हाडी किंवा झाडीबोली ही मुलांची घरची भाषा असते. कोथिंबिरीचे चित्र पाहून वऱ्हाडातले मूल ‘सांबार’ म्हणते, आणि ते बरोबरच आहे. पण उत्तरपत्रिकेत एकच शब्द छापला असेल तर बाहेरून आलेला परीक्षक त्याचा गुण कापतो. भाषांतर करताना एका व्यक्तीने मराठीतून कोरकूत आणि मूळ चाचणी न पाहिलेल्या दुसरीने कोरकूतून मराठीत आणावे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की कुठे अर्थ सुटला ते दिसते. ऐनवेळी सेविकेने मनाने भाषांतर करणे हा सर्वांत घातक मार्ग आहे, कारण मग प्रत्येक मुलाला वेगळी चाचणी मिळते. कितीएक सेविका मदत व्हावी या चांगल्या हेतूने उत्तराचे पहिले अक्षरसुद्धा उच्चारून देतात.

दोन परीक्षकांचे एकमत होते का

विश्वसनीयतेच्या सर्व प्रकारांत गावपातळीवर सर्वाधिक महत्त्व मी परीक्षकांच्या एकमताला देतो, कारण इथली बहुतेक चूक चाचणीच्या कागदात नसून ती घेणाऱ्या हातांत असते. ‘एका पायावर पाच सेकंद उभा राहतो’ हे पद घ्या. एक सेविका घड्याळ लावते, दुसरी तोंडाने झरझर पाच अंक मोजते. मूल तोल सावरायला दाराच्या चौकटीला क्षणभर बोट लावते, तर एकीच्या मते ते उत्तीर्ण आणि दुसरीच्या मते नाही. वर्तुळ पाहून काढताना रेघेची टोके किती अंतरावर राहिली तर चालतील, हे लिहिलेले नसले की तिथेही हाच घोळ होतो. शिवाय अंगणवाडीची खोली एकच. मागे बसलेली मुले उत्तर ओरडून मोकळी होतात. यासाठी मुलाला ओसरीवर किंवा झाडाखाली वेगळे घ्यावे आणि मदतनीस ताईंनी बाकीच्यांना गुंतवून ठेवावे.

तपासणीची रीत अशी. किमान ५० मुले निवडावीत आणि त्यांत ज्यांच्याबाबत शंका आहे अशी मुले पुरेशी असावीत. एका परीक्षिकेने चाचणी घ्यावी, दुसरीने शेजारी बसून स्वतंत्र नोंद करावी आणि दोघींनी एकमेकींचे कागद पाहू नयेत. नंतर प्रत्येक मुलाबाबत ‘पुढे पाठवावे’ किंवा ‘ठीक’ असा दोघींचा निकाल ताडून पाहावा.

समजा ६० मुलांपैकी ६ मुलांना दोघींनी पुढे पाठवण्यास सांगितले, ४६ मुलांना दोघींनी ठीक म्हटले, ३ मुलांना फक्त पहिलीने आणि ५ मुलांना फक्त दुसरीने बाजूला काढले. एकमत ६० पैकी ५२ मुलांबाबत, म्हणजे ८७ टक्के झाले. हा आकडा अहवालात शोभून दिसतो, पण बहुतेक मुले ठीकच असल्यामुळे डोळे मिटून शेरे मारले तरी बरेच एकमत होणार असते. ते वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा गुणांक वापरावा. पहिलीने एकूण ९ आणि दुसरीने ११ मुले बाजूला काढली. म्हणून योगायोगाने अपेक्षित एकमत (९ × ११ + ५१ × ४९) भागिले ३६००, म्हणजे सुमारे ०.७२ येते. प्रत्यक्ष एकमत ०.८७ मधून हे ०.७२ वजा करून आलेल्या संख्येला १ वजा ०.७२ ने भागले की कप्पा साधारण ०.५२ मिळतो. ०.६१ ते ०.८० ही पातळी सामान्यतः भरीव एकमताची मानली जाते. ०.५२ वर थांबू नये. कोणत्या पदांवर मतभेद झाले ती पदे काढून, त्यांचे नियम नेमके लिहून, प्रशिक्षण देऊन हीच पायरी नव्या मुलांवर पुन्हा करावी.

तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर

पुनर्चाचणीसाठी एक ते दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. त्याहून कमी ठेवल्यास मुलाला उत्तरे आठवतात; महिना-दीड महिना गेला तर या वयात मूल खरोखरच पुढे जाते आणि दोष चाचणीच्या माथी बसतो. दोन्ही वेळा परीक्षिका, जागा आणि वेळ तीच असावी. आहारानंतर पेंगुळलेल्या मुलाची तुलना सकाळच्या ताज्या मुलाशी करू नये. ताप, वाहता कान, जागरण यांची नोंद त्याच दिवशी करावी. दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध गुणांक (दोन्ही वेळचे गुण किती जुळून वरखाली होतात, ते दाखवणारी संख्या) काढावा आणि ०.८० च्या वर असल्यास समाधानकारक समजावे, पण जोडीने दोन्ही वेळच्या सरासरीतील फरकही पाहावा. पहिल्या दिवशी अनोळखी ताईंसमोर बुजलेली मुले दुसऱ्या वेळी मोकळी होऊन सगळीच तीन-चार गुण अधिक मिळवतात, तेव्हा सहसंबंध उत्तम दिसतो. पहिल्या चाचणीचे निकाल मात्र विनाकारण कठोर लागलेले असतात.

पालकांना विचारून भरण्याच्या प्रश्नावलीत आणखी एक अडचण असते. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते आणि उत्तरे आजी देते. दोघींची उत्तरे वेगळी येऊ शकतात. उत्तर कोणी दिले याचा रकाना नोंदपत्रकात नसेल तर तो स्वतः आखून घ्यावा.

पदांचा आपसातील मेळ दाखवणारा अल्फा गुणांक हस्तपुस्तिकांत ठळकपणे छापतात. त्याला चाळणीपुरते दुय्यम समजावे. हालचाल, भाषा, सामाजिक वर्तन अशा भिन्न गोष्टी एकत्र मोजणाऱ्या छोट्या चाचणीत तो कमी येणे स्वाभाविक असते आणि नुसती पदांची संख्या वाढवूनही तो वाढवता येतो.

मापनातील प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाचे गुण चाचणीच्या चुकीमुळे साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, मात्र जरूर काढावी. गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) ५ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल, तर १ वजा ०.८४ म्हणजे ०.१६ चे वर्गमूळ ०.४, आणि त्याला ५ ने गुणले की त्रुटी २ गुण येते. २४ पेक्षा कमी गुणांचे मूल पुढे पाठवायचे असेल, तर २५ गुणांच्या मुलाला निर्धास्तपणे ‘ठीक’ म्हणता येत नाही. अशा काठावरच्या मुलांची एक-दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेण्याचा नियम आधीच करून ठेवावा.

वयाची नोंदही इथेच तपासावी. जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्डावरून घ्यावी, तोंडी सांगितलेल्या वयावर विसंबू नये. वय चार-पाच महिन्यांनी चुकले तर मूल चुकीच्या मानकाशी ताडले जाते, आणि मग पुढची सारी काळजी वाया जाते.

चाचणी योग्य मुलांना बाजूला काढते का

निकषाधारित सप्रमाणतेसाठी चाळणीच्या निकालाची तुलना तज्ज्ञांच्या सविस्तर तपासणीशी करावी लागते. तज्ज्ञांना चाळणीचा निकाल आधी सांगू नये, अन्यथा त्यांचे मत त्याच बाजूला कलते. दोन्हींमधील अंतरही काही आठवड्यांपेक्षा अधिक नसावे.

समजा ५०० मुलांमध्ये खरोखर विलंब असलेली ४० मुले आहेत. चाचणीने त्यांतील ३२ पकडली आणि ८ सोडली, तर संवेदनशीलता ८० टक्के. उरलेल्या ४६० मुलांपैकी ३६८ जणांना तिने ठीक म्हटले आणि ९२ जणांना उगाच बाजूला काढले, तर विशिष्टता ८० टक्के. विकासविषयक चाळणीत हे दोन्ही आकडे ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. म्हणजे ही चाचणी चांगलीच म्हणायची. तरीही पुढे पाठवलेल्या एकूण १२४ मुलांपैकी खरोखर विलंब असलेली केवळ ३२, म्हणजे सुमारे २६ टक्के आहेत. हीच चाचणी रुग्णालयाच्या विकास-चिकित्सा विभागात, जिथे ५०० पैकी २०० मुलांना विलंब आहे, तिथे घेतली तर १६० खरी आणि ६० खोटी मुले निघतील आणि तेच प्रमाण ७३ टक्क्यांवर जाईल. चाचणी तीच, परीक्षक तेच, फक्त मुलांचा समूह बदलला. म्हणून रुग्णालयातले आकडे दाखवून कोणी अंगणवाडीसाठी चाचणी सुचवत असेल, तर समूहातील विलंबाचे प्रमाण काय होते, हा प्रश्न अवश्य विचारावा.

याचा अर्थ पालकांशी बोलण्याच्या भाषेलाही लागू होतो. चौघांपैकी तिघांच्या बाबतीत काळजीचे कारण निघणार नसेल, तर ‘लेकराची आणखी एकदा नीट तपासणी करून घेऊ’ एवढेच बोलावे. यादी भिंतीवर लावू नये आणि मुलाला कोणतेही लेबल चिकटवू नये. गावात असा शब्द एकदा पसरला की तो पुसता येत नाही.

प्रत्यक्षात एक चूक वारंवार होते : चाळणीत बाजूला निघालेल्या मुलांनाच तज्ज्ञांकडे नेले जाते. मग निसटलेली आठ मुले कधीच दिसत नाहीत आणि संवेदनशीलता शंभर टक्के असल्याचा आभास होतो. सर्व ५०० मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे शक्य नसते, हे खरे आहे. त्यावर उपाय असा की ठीक ठरलेल्या ३७६ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून चौथा हिस्सा, म्हणजे ९४ मुले निवडावीत आणि त्यांचीही तपासणी व्हावी. त्यांत २ मुलांना विलंब आढळला, तर एकूण निसटलेली सुमारे ८ असावीत असा अंदाज बांधता येतो. या मुलांसाठी तज्ज्ञांनाच एक-दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलावले तर पालकांची पायपीट वाचते.

लहान संख्येवर मोठे दावे करू नयेत. विलंब असलेल्या २० मुलांपैकी १६ सापडली, तर संवेदनशीलता ८० टक्के असे लिहिले जाते; पण एवढ्या थोड्या मुलांवरून काढलेला खरा आकडा ५८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. हा पल्ला आकड्याशेजारी लिहावा.

छेदबिंदू कुठे ठेवावा

छेदबिंदू म्हणजे ज्याच्या खाली गुण असलेले मूल पुढे पाठवायचे ती सीमा. तो वर सरकवला की अधिक मुले सापडतात आणि खोट्या हाकाही वाढतात. खाली आणला की उलटे होते. दोन-तीन छेदबिंदूंवर वरची आकडेमोड करून तक्ता मांडावा आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. तज्ज्ञ महिन्यातून एकदाच उपलब्ध असतील आणि जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरवर असेल, तर १२४ मुलांची यादी कपाटातच पडून राहते. अशा ठिकाणी दोन टप्प्यांची चाळणी अधिक व्यवहार्य वाटते : पहिला टप्पा सेविकेने सढळपणे, थोडी शंका आली तरी मूल बाजूला काढत करावा, दुसरा प्रशिक्षित पर्यवेक्षिकेने किंवा तपासणी पथकाने फक्त बाजूला काढलेल्या मुलांवर करावा. मात्र दोन्ही टप्पे पार करून किती खरी मुले उरतात, हे एकत्रित मोजावे, कारण दुसऱ्या टप्प्यातही काही मुले निसटतात.

कोणत्या मुलांवर अन्याय होतो

एकूण आकडे समाधानकारक असले तरी ते गटवार पाडून पाहावेत. कोरकू बोलणारी आणि मराठी बोलणारी अशी एकूण गुण साधारण सारखे असलेली मुले घ्यावीत आणि प्रत्येक पद दोन्ही गटांतील किती मुलांनी केले, ते ताडावे. बाकी सर्व सारखे असताना एखाद्या पदावर एक गट फार मागे पडत असेल, तर ते पद विकासाऐवजी भाषा किंवा परिचय मोजत असण्याची दाट शक्यता असते. मुली आणि मुलगे, अंगणवाडीत रोज येणारी आणि स्थलांतरामुळे मधूनच येणारी मुले यांच्याबाबतही हेच करावे. ऐकण्यात किंवा दिसण्यात अडचण असलेली मुले भाषेच्या पदांवर अडखळतात. त्यांची श्रवण व दृष्टितपासणी होईपर्यंत त्यांचा निकाल राखून ठेवावा.

भाकित सप्रमाणतेसाठी ही मुले पहिली-दुसरीत गेल्यावर त्यांची शालेय प्रगती पाहावी लागते. यासाठी निराळा निधी लागत नाही. अंगणवाडीचे नोंदपत्रक आणि जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांची नोंद जुळवण्याची सोय लागते. पालकांची संमती घेऊन मुलाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. चाळणीनंतर ज्या मुलांना उपचार किंवा विशेष मार्गदर्शन मिळाले ती पुढे चांगली शिकत असतील, तर तेवढ्यावरून चाचणीचे भाकीत चुकले असे धरू नये. त्यांची गणना वेगळी करावी.

सेविका बदलली, चाचणीची नवी आवृत्ती आली किंवा कागदावरची चाचणी ॲपवर गेली, तर परीक्षकांच्या एकमताची पायरी पुन्हा पार पाडावी. ॲपमध्ये वयाचे गणित आपोआप होत असले तरी पाच-दहा मुलांचे वय हाताने काढून पडताळावे, आणि ॲपने दिलेला निकाल कोणत्या छेदबिंदूवर आधारलेला आहे ते सांगता येत नसेल, तर तो निकाल पुढे पाठवण्यासाठी वापरू नये.